सहकारनगरचं बाबांचं घर: दुरुस्त करून विकावं की आहे तसं?

जोत्यावरची

प्रश्न पैशाचा आहे, म्हणून आधी माहिती देते आणि रडगाणं नंतर.

घर पुण्यात, सहकारनगर नंबर २ मध्ये. अडीच गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर १९७१ सालचं बैठं घर, १९८६ ला वर चढवलेल्या दोन खोल्या आणि उरलेली गच्ची. बांधकाम सगळं मिळून साडेसोळाशे चौरस फूट. भिंती विटांच्या, त्यांच्यावरच सगळा भार; कॉलम-बीम नाहीत. खाली शहाबादी फरशी, वर मोझॅक. दारं-खिडक्या सागवानी. मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली आहे. बाबांनी ती सायकली ठेवायला केली आणि पुढे तिची अडगळ झाली. मंजूर नकाशात ती असेल असं वाटत नाही. जमीन सोसायटीची, आम्ही भाडेपट्ट्याने सभासद. समोरचा रस्ता असा की दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, आणि मागे कोणी जायचं यावर आधी थोडी चर्चा होते.

बाबा २०१३ मध्ये गेले, आई मागच्या वर्षी. मृत्युपत्र दोघांचंही नाही. आम्ही तिघं भावंडं: दादा नाशिकला, मी बावधनला, धाकटी टोरांटोला. विकायचं यावर तिघांचं एकमत आहे, कारण तिथे राहायला कोणीच जाणार नाही. भांडण आहे ते कसं विकायचं यावर.

दादाने एका कंत्राटदाराला घर दाखवून कोटेशन आणलंय, २८ लाखांचं. खाली-वर व्हिट्रिफाइड टाइल्स, स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यातली भिंत पाडून ओपन किचन, दोन्ही बाथरूम नवी, सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग, वायरिंग, प्लंबिंग, आतून-बाहेरून रंग. शिवाय पुढचा आंबा काढून दोन गाड्यांची जागा. दादाचं गणित असं की २८ घालू आणि ६० जास्त मागू. धाकटी व्हिडिओ कॉलवर म्हणते, ताई, आहे तसं विकून टाका, मला टाइल्सचे फोटो पाठवू नका. मी मध्ये, कारण किल्ल्या माझ्याकडे.

दोन एजंट येऊन गेले. एक गेटमधूनच म्हणाला, "मॅडम, घराकडे कोण बघतंय, लोक जमीन बघतात." आतही आला नाही. दुसरा सगळीकडे फिरला, कपाटंसुद्धा उघडून पाहिली आणि म्हणाला, "रंग मारून घ्या, माझ्याकडे फॅमिली पार्टी आहे." दोघांनीही सव्वातीन कोटींच्या आसपासचा आकडा सांगितला. म्हणजे घराकडे बघा वा नका बघू, आकडा तोच!

घराची अवस्था सांगते. उत्तरेच्या खोलीत ओल आहे, भिंतीला लोणा लागलाय, हात लावला की पांढरी पूड बोटाला येते. वरच्या बाथरूमखाली स्लॅबचं प्लॅस्टर ताटाएवढं पडलंय आणि दोन सळ्या दिसतात. गंजून त्यांचे पापुद्रे सुटलेत. मीटरपाशी अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. नळ उघडला की आधी तपकिरी पाणी येतं.

आणि येणारा प्रत्येक माणूस विचारतो ती गोष्ट: "२०१९ ला पाणी शिरलं होतं का?" २५ सप्टेंबरच्या त्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने अरण्येश्वरच्या बाजूला काय केलं ते पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात पाणी आलं नाही. बाबा मूळचे नारायण पेठेतले, पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, त्यांच्या भाड्याच्या खोलीतलं सगळं गेलं होतं. त्यामुळे इथे बांधताना त्यांनी जोतं तीन फूट उचललं. गवंडी म्हणत होता, साहेब, इथे कुठली नदी? सहा पायऱ्या चढून आई दमायची आणि दर वेळी बाबांना ऐकवायची. २०१९ ला पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. शेजारी हॉलमध्ये गुडघाभर चिखल होता. हे गिऱ्हाइकाला सांगायचं का? दादा म्हणतो, विचारलं तर "नाही शिरलं" एवढंच म्हण.

तर मंडळी, २८ लाख घालावेत का? घालायचेच तर कशावर? ज्यांनी स्वतः असं घर विकलंय त्यांनी कृपया सांगा. "आठवणी विकता येत नाहीत" छापाचं लिहू नका, ते आमच्या मावशीने लिहून झालंय.

टेपवाला

ताई, मी सिव्हिलवाला, आता निवृत्त. तुमच्या भागातलीच बरीच घरं बांधली, आणि अलीकडे तीच पाडतानाही पाहिली.

टाइल्स राहू द्या. आधी एक काम करा: समोरच्या रस्त्याची कागदोपत्री रुंदी काढा. टेप लावून नव्हे. महापालिकेतून झोन दाखला घ्या आणि लेआउटच्या नकाशाची प्रत सोसायटीकडून घ्या. तुमचं गिऱ्हाईक कोण हे त्या एका आकड्यावर ठरणार आहे.

कारण असं. डिसेंबर २०२० पासून बांधकामाची जी एकत्रित नियमावली लागू आहे, तिच्यात नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१० मिळतो आणि तिथेच थांबतो. प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्याकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता नऊ मीटरचा असला की त्यावर ०.५० प्रीमियम आणि ०.४० टीडीआर चढतो, एकूण २.००. अडीच गुंठे म्हणजे साधारण २७२० चौरस फूट. अरुंद रस्त्यावर त्याचे तीन हजार होतात, नऊ मीटरवर साडेपाच हजारांच्या आसपास. दोन्हीकडे वर साठ टक्के ॲन्सिलरी (जिने, बाल्कन्या वगैरेंसाठीचा जादा एफएसआय) मिळतो, पैसे भरून. आता बिल्डरच्या जागी बसून बघा. पहिल्या प्लॉटवर त्याला काय सुटणार? दुसऱ्यावर मात्र तो फोन करत राहील. अर्थात अडीच गुंठ्यांत मार्जिन आणि पार्किंग सोडून एवढं बसवायचं म्हणजे आर्किटेक्टचीही परीक्षा, पण ते त्याचं तो बघेल.

रस्ता नऊचा निघाला तर तुमच्या घराची किंमत शून्य धरा. चिडू नका, तो घर पाडणार आहे. तुमच्या २८ लाखांच्या टाइल्स तो डंपरमध्ये भरेल, आणि डंपरचं भाडं वजा करून तुम्हाला भाव देईल.

रस्ता सहाचा असेल तर घेणारं कुटुंब असेल, किंवा दवाखाना-क्लासवाला. मग घर मोजलं जाईल. पण ते डोळ्यांनी नंतर, आधी बँकेच्या व्हॅल्युअरच्या कागदावर. तो जमिनीचे वेगळे आणि बांधकामाचे वेगळे पैसे धरतो. विटांच्या भिंतींच्या घराचं एकूण आयुष्य साठेक वर्षं धरायची पद्धत आहे, त्यातली पन्नासहून जास्त तुमची सरली. कर्जाची मुदत वीस वर्षं असेल तर बँक विचारते, तोवर घर उभं राहील का? स्लायडिंग खिडक्या याचं उत्तर देत नाहीत. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला देतो. तो घ्या. त्यासाठी तो हातोडीने भिंती-स्लॅब ठोकून बघेल आणि काही दुरुस्त्या सुचवेल, तेवढ्याच करा.

माझ्या अंदाजाने त्या अशा निघतील. गच्चीचं वॉटरप्रूफिंग: ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) उकलला असेल तर काढून नव्याने, आणि कठडा गच्चीला मिळतो तो कोपरा नीट गोल करून. निम्मी ओल तिथून उतरते. वरच्या बाथरूमचा ट्रॅप आणि पाइप बदलणं. मग त्या दोन सळ्या: गंज घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरायच्या. त्यावर पीओपीचं सीलिंग मारून झाकू नका. शहाणा माणूस सीलिंग दिसलं की पहिली टकटक तिथेच करतो. वायरिंगला अर्थिंग आणि एमसीबी. बस्स.

ओपन किचनचं मात्र मनातून काढून टाका. ती मधली भिंत वरच्या दोन खोल्यांचं वजन घेऊन उभी आहे. कंत्राटदाराने तुम्हाला सांगितलं नसेल तर तो कंत्राटदारच बदला. आणि आंब्याला हात लावायचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. विक्रीच्या तोंडावर तो वाद कशाला ओढवून घेता?

पाण्याबद्दल: सांगा. सांगाच. जोत्याचा फोटो काढून सांगा. तुमच्या गल्लीत ज्याच्या घरात पाणी शिरलं नाही त्याने ते लपवायचं?

मयूर कॉलनी

टेपवाले काका म्हणतात ते बंगल्याला लागू आहे, पण वाचणाऱ्यांनी सरसकट धरू नये म्हणून लिहिते. आम्ही सासूबाईंचा कोथरूडचा फ्लॅट रंगवून, बाथरूम नवं करून विकला, आणि फायद्यात राहिलो. फ्लॅट घेणाऱ्याला जमीन दिसत नाही, त्याला सिंकखालची बुरशी दिसते. आधी बंद फ्लॅट दाखवायचो तेव्हा लोक नाकाला रुमाल लावून दोन मिनिटांत बाहेर. नंतर तेच लोक बाल्कनीत उभं राहून "इथून शाळा किती लांब" विचारायला लागले.

पण त्यातही नवं स्वयंपाकघर करायला माझा विरोध होता आणि आहे. तुमच्या आवडीचा ओटा बसवायचा, आणि घेणारी बाई आल्याबरोबर तो फोडणार. आमच्याकडे कडप्प्याचा ओटा होता तो तसाच ठेवला, नुसता घासून पॉलिश केला. घेणाऱ्यांनी तो पुढे काढलाच, पण त्याचे पैसे आमच्या खिशातून गेले नव्हते.

तुमच्या घराला मी काय केलं असतं? रिकामं केलं असतं. पहिलं ते. पन्नास वर्षांचं सामान असलेल्या खोलीत माणसाला स्वतःचं सामान कल्पता येत नाही. पत्र्याची खोली आधी मोकळी करा. सागवानी खिडक्यांना वॉर्निश मारा, काढू कसल्या बाई! शहाबादी घासून घ्या. सगळ्या खोल्यांतले बल्ब बदलून पांढरे, जास्त उजेडाचे लावा. आत भिंतींना एक साधा हात, पांढरा. मात्र उत्तरेच्या खोलीची ओल थांबवल्याशिवाय तिथे रंग लावू नका, दोन महिन्यांत पोपडे येतात आणि मग गिऱ्हाईक बाकीच्या भिंतींवरही संशय घेतं.

आणि दर शनिवारी जाऊन खिडक्या उघडून या. बंद घराच्या वासाचा भाव कापला जातो.

हिशेबनीस

दादांच्या "२८ घालू, ६० मागू" मध्ये कराची ओळ राहिलीय.

वारसाहक्काने आलेलं घर विकताना खरेदी किंमत तुमच्या आई-वडिलांची धरतात, आणि २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत घेता येते. नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून तो रिपोर्ट आत्ताच करून घ्या, घर उभं असताना. त्या वर्षीच्या रेडी रेकनरपेक्षा (सरकारी दरपत्रकापेक्षा) जास्त किंमत चालत नाही, त्यामुळे व्हॅल्युअरने फुगवून दिली तरी उपयोग नाही.

२३ जुलै २०२४ पासून विक्रीच्या नफ्यावर कराचा दर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) नाही. त्याआधी घेतलेल्या जमीन-घराला निवासी भारतीयांसाठी जुना पर्याय ठेवलाय: इंडेक्सेशन घेऊन २० टक्के. दोन्ही काढून कमी येईल ते भरायचं. समजा २००१ ची किंमत २५ लाख निघाली आणि विक्री ३ कोटींना झाली. साधा हिशेब: नफा २ कोटी ७५ लाख, कर सुमारे ३४ लाख ३८ हजार. इंडेक्सेशनचा: २०२५-२६ चा महागाई निर्देशांक ३७६ (२००१ चा १०० धरून), म्हणजे २५ चे ९४ लाख, नफा २ कोटी ६ लाख, कर ४१ लाख २० हजार. इथे नवा दर परवडला. २००१ ची किंमत जास्त निघाली तर उलटंही होईल. वर सेस वेगळा, आणि जिथे लागेल तिथे सरचार्ज.

आता दुरुस्तीचं. रंग, डागडुजी, नळ बदलणं हा खर्च नफ्यातून वजा होत नाही. घरात कायमची भर घालणारा खर्च होतो, तोही पक्की बिलं आणि बँकेतून दिलेले पैसे असतील तर. समजा २८ च्या २८ लाख मान्य झाले, तरी १२.५ टक्क्यांनी करात वाचले साडेतीन लाख. उरलेले साडेचोवीस गिऱ्हाइकाकडून वर काढायचे आहेत, आणि ते वर आलेले रुपयेही करपात्र. ६० सोडा, आधी हे जमतंय का ते बघा.

तिघं समान हिस्सेदार असाल तर नफाही तिघांत वाटला जातो आणि सवलतीही ज्याच्या त्याला मिळतात. विक्रीआधी एक वर्ष ते विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर एक सवलत. नाहीतर सहा महिन्यांच्या आत सरकारी कंपन्यांचे भांडवली नफ्याचे रोखे, प्रत्येकी ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकून.

खरं दुखणं टोरांटोचं आहे. विक्रेता अनिवासी असेल तर घेणाऱ्याला तिच्या हिश्शावर १ टक्का टीडीएस कापून चालत नाही, १२.५ टक्के, वर सरचार्ज-सेस. आणि तिच्याकडे आयकर खात्याचं कमी दराचं प्रमाणपत्र नसेल तर बरेच घेणारे भीतीपोटी पूर्ण रकमेवर कापतात, नफ्यावर नाही. मग रिटर्न भरून परतावा मागत बसा. हे प्रमाणपत्र करारनाम्याच्या आधी काढायला घ्या, त्याला वेळ लागतो. २० टक्के-इंडेक्सेशनचा पर्यायही तिला नाही. ती येणार नसेल तर मुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीतून करून आणा आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प भरा.

आठवणीतला वाडा

विकू नका हो. एकदा विकलं की पुण्यात पुन्हा जमीन होत नाही. आमचा शनिवार पेठेतला वाडा गेला त्याचं अजून वाईट वाटतं.

जोत्यावरची

आठवणीतला वाडा, तुमच्या वाड्याला भाडेकरू किती होते ते सांगितलंत तर वाईट किती वाटायचं ते ठरवता येईल.

टेपवाले काका, लेआउटचा नकाशा सोसायटीच्या कपाटात मिळाला, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. रस्ता २० फुटी लिहिलाय, म्हणजे सहा मीटर. झोन दाखल्यातही तेच. बिल्डरचा प्रश्न मिटला. एजंट नंबर एकला कळवलं तर म्हणतो, "सहाचे नऊ होणार आहेत मॅडम, थांबा." होणार आहेत हे कोण सांगतं, असं विचारल्यावर म्हणाला, "चर्चा आहे."

हिशेबनीस यांचा हिशेब छापून दादाला पाठवला. त्याने साडेचोवीस लाखांखाली दोन रेघा मारून परत पाठवला आणि फोनवर म्हणाला, ठीक आहे, पण बाहेरून रंग द्यायचाच. तो हट्ट मी मान्य केला. बाबांचं घर कळकट दिसताना विकलं गेलं असं त्याला नकोय, आणि त्यात कुठलंही गणित नाही हे त्यालाही माहीत आहे.

नवीन अडचण: बाबा गेल्यावर सोसायटीने २०१४ मध्ये नामांकनावरून (बाबांनी नॉमिनी म्हणून दिलेल्या नावावरून) शेअर सर्टिफिकेट आईच्या नावे केलं. आईने नामांकनात फक्त दादाचं नाव दिलंय. आता सेक्रेटरी म्हणतात की दादाच मालक, तुम्ही दोघी हक्कसोड करून द्या, म्हणजे आपापला हिस्सा दादाला लिहून द्या, की काम सोपं होईल. दादाच्या मनात काही नाही, पण मला हे पटत नाहीये. आणि मिळकत कराचं बिल अजून बाबांच्या नावाने येतं.

माजी सेक्रेटरी

पंधरा वर्षं हेच काम केलं म्हणून लिहितो. तुमचे सेक्रेटरी सज्जन असतील, पण सांगताहेत ते चूक आहे.

नामांकन म्हणजे मालकी नाही. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा एवढ्यापुरती ती सोय आहे. तुमच्या वडिलांमागे मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे २०१३ मध्येच आई आणि तुम्ही तिघं असे चार समान हिस्से पडले. सर्टिफिकेट आईच्या नावे गेलं तरी तुमचे तीन हिस्से तुमचेच राहिले. आई गेल्यावर तिचा चौथाही तिघांत वाटला. हिशेब तिथेच येतो, प्रत्येकी एक तृतीयांश. मुलगी म्हणून तुमचा हिस्सा दादांपेक्षा तसूभरही कमी नाही.

हक्कसोडपत्र करू नका. जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय केलं तर स्टॅम्प अगदी नाममात्र लागतो, म्हणून लोक पटकन करतात. पण घर विकून पैसे वाटून घ्यायचे असतील तर त्याची गरजच नाही. सगळा नफा दादांच्या एकट्याच्या डोक्यावर येईल, सवलती एकट्याला मिळतील, आणि तुमच्या हिश्शाचे पैसे तुमच्याकडे कशाच्या आधारे आले हा प्रश्न आयकर खातं विचारेल. खरेदीखतावर तिघांनी विक्रेते म्हणून सही करायची आणि घेणाऱ्याने तीन चेक द्यायचे.

सोसायटीला तिघांनी मिळून अर्ज द्या: दोन्ही मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, आणि तिघांची नावं संयुक्त सभासद म्हणून लावण्याची विनंती. दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या. ती तशीही घेणाऱ्याचा वकील देणारच आहे, पण तुमची आधी आली तर हरकती आधीच कळतात. भाडेपट्ट्याची मुदत किती उरली तेही त्याच कपाटात शोधा. मुदत संपत आली असेल तर बँक कर्ज देत नाही, आणि मग नूतनीकरणाचा ठराव सोसायटीच्या सभेत आणावा लागेल. आमच्याकडे अशा एका ठरावाला सभेत निम्मा वेळ पार्किंगच खाऊन गेलं होतं, तेव्हा विषयपत्रिकेत वर घालून घ्या.

मिळकत कराची थकबाकी असेल तर आजच भरा, शास्ती महिन्याला दोन टक्क्यांनी चढते. नाव लावणं त्यानंतर. पत्र्याची खोली नकाशात नसेल तर उतरवा. तिच्यामुळे भाव एक रुपया वाढत नाही आणि व्हॅल्युअरच्या रिपोर्टमध्ये मात्र "अनधिकृत" असा शब्द येतो.

टेपवाला

सेक्रेटरीसाहेबांशी शंभर टक्के सहमत. पत्र्याची खोली उतरवताना मागच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण तिच्या खाली गेलंय का बघा. त्या काळच्या घरांत हमखास असतं.

जोत्यावरची

चेंबर खरंच तिथेच निघालं, लोखंडी पिंपाखाली.

आता ठरलंय ते असं. २८ लाखांचं कोटेशन परत. इंजिनिअर येऊन गेले, दाखला देणार आहेत, पण आधी गच्ची, वरच्या बाथरूमचा पाइप आणि त्या सळ्या करून घ्यायला सांगितलंय. वायरिंगला अर्थिंग-एमसीबी, आणि दादाच्या समाधानासाठी बाहेरून रंग. सगळं मिळून पाच लाखांच्या आत बसतंय. धाकटी मुखत्यारपत्राच्या मागे लागलीय. पहिल्यांदाच तिने स्वतःहून फोन केला. गिऱ्हाइकांसाठी पायऱ्यांचा फोटो काढलाय, तिसऱ्या पायरीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते, ती रंगवू नका असं रंगाऱ्याला बजावलंय.

एक शेवटचं. मधल्या खोलीचं दार दोन फळ्यांचं आहे, पितळी कड्यांचं, सागवानी, बाबांनी नारायण पेठेतला एक वाडा पाडला तेव्हा विकत आणलेलं. ते मला बावधनला न्यायचंय. आत्ताच काढून तिथे फ्लश डोअर लावलं तर चालेल का? आणि वरच्या पडक्या कपाटांचं लाकूड कुठे जाईल?

मयूर कॉलनी

कपाटांचं लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला विचारा, जुन्या सागाला तिथे गिऱ्हाईक असतं. कड्या-कोयंडे, पितळी मुठी असं सुटं काही असेल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात. तिथे विकायला जाताना भाव आधी दुसऱ्याकडून काढून जा.

टेपवाला

दार घर दाखवायला सुरुवात करण्याआधी काढा. एकदा लोकांनी पाहिलं की ते घराबरोबर आलं असं धरतात. चौकटीसकट काढू नका, वरचा लिंटेल (दारावरची आडवी तुळई) त्या चौकटीवर टेकलेला असू शकतो. बिजागऱ्यांतून फळ्या तेवढ्या उतरवा. मोठी फळी पायऱ्यांवरून उतरवताना दोघं जण हवेत, त्या दारांना वजन फार असतं. बावधनच्या लिफ्टची उंची आधी मोजून ठेवा.